चार स्क्रू काढल्याबद्दल

मी, श्रीमती शुभदा रणजित इंगवले, वय वर्षे सहासष्ट, माहेर कोल्हापूर, गेली एकतीस वर्षे राहणार लखनौ, सध्याचा पत्ता अलीगंज, आज माझ्या स्वतःच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोके मात्र शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे डोके फिरल्याचे माझ्या घरात दोन वर्षे बोलले जात आहे आणि माझ्यामागे कोर्टातही बोलले जाईल. कुणाच्या धाकाने, भिडेने किंवा प्रेमाने मी हे लिहीत नाही. प्रेमाचा तर प्रश्नच नाही.

हे मराठीत लिहिण्याचे कारण असे की, माझा मुलगा अभिराम याला मराठी समजते, पण सलग वाचता येत नाही. त्याला एकेक अक्षर जुळवत वाचावे लागेल. तेवढा वेळ त्याने या मजकुरात घालवावा अशी माझी इच्छा आहे. कायद्याच्या सोयीसाठी हिंदी प्रत वकिलांकडे आहे, पण ती त्याला आधी देऊ नये.

१. सन २०१६ साली केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घर, कंपनीतला हिस्सा आणि बाकी सगळे अभिरामला दिले होते. ते मृत्युपत्र लिहिणारी बाई मूर्ख होती, पण कायद्याच्या दृष्टीने तीही शुद्धीवर होती.

२. माझी माणसे अशी. पती कै. रणजित वायुसेनेत वॉरंट ऑफिसर होते. बख्शी का तालाबच्या तळावर बदली झाली म्हणून आम्ही या शहरात आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. ते २०१५ साली गेले. धाकटे दीर श्री. हर्षवर्धन आमच्याकडे राहायला आले आणि पुढे कंपनीचे सर्वेसर्वा झाले. त्यांची पत्नी सौ. लता. माझा एकुलता मुलगा अभिराम, वय एकोणचाळीस, कंपनीची विक्री आणि जाहिरात पाहतो. माझी शेजारीण कु. अनघा देवधर रसायनशास्त्र शिकवते. ती माझी नात्याची कुणी नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. तिने होकार दिला आहे, आणि वर "मावशी, मला कुणाची भीती वाटत नाही, फक्त कोर्टाच्या तारखांची वाटते" असेही म्हणाली आहे.

३. माझ्या अंत्यविधीला कंपनीचा फुलांचा हार नको. वर्तमानपत्रात कंपनीतर्फे फोटो छापू नये. हर्षवर्धन भाऊजींनी भाषण करू नये. त्यांना भाषण आवरत नसेल तर अनघाने त्यांना सरळ खाली बसायला सांगावे.

४. आता साच्याबद्दल. याच्यावरून भांडण होणार, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या वडिलांचा कोल्हापुरात उद्यमनगरला छोटा कारखाना होता. ओतकामासाठी लाकडाचे नमुने ते करत. मी त्यांच्याकडे कानस धरायला शिकले आणि पुढे साचे तयार करण्याची पदविका घेतली. वर्गात मी एकटी मुलगी होते. रणजित निवृत्त झाल्यावर, २००६ साली, आम्ही तिघांनी मिळून लखनौला कारखाना काढला. रणजितनी पेन्शनचे पैसे घातले, भाऊजींनी ओळखी घातल्या आणि मी डोके घातले. मच्छर मारायची चार्जिंगची रॅकेट आम्ही काढली. पहिला साचा मी माझ्या पाटल्या आणि बांगड्या मोडून केला, म्हणून तो माझ्या नावावर राहिला. दुसराही तसाच, माझ्या पैशाने. कंपनी ते वापरत होती, मालक मी होते. तसा लेखी करार आहे.

पहिल्या रॅकेटच्या मुठीला चार स्क्रू होते. स्क्रू काढा, झाकण उघडा, जुनी बॅटरी बाहेर, नवी आत. घरातल्या कुणालाही जमेल असे. मी ती रॅकेट स्वतः पाच वर्षे वापरली.

२०१४ साली भाऊजी माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"वहिनी, हे स्क्रू काढा."

"मग उघडायची कशी?"

"उघडायचीच कशाला? लोक नवी घेतील."

चार स्क्रू, ते ज्यात फिरतात ते पितळी आटे आणि ते बसवणारी दोन माणसे, एवढे वाचत होते. मुठीचे दोन भाग यंत्राने वितळवून एकजीव करायचे. आत शिशाची लहान बॅटरी, ती एका उन्हाळ्यात थकते, आणि ती थकली की सगळी रॅकेट कचऱ्यात. हे मला त्याच दिवशी कळले होते. मी साचे करणारी बाई आहे, मला कळले नाही असे मी म्हणणार नाही. तरी मी ते चित्र काढले आणि त्यावरून दुसरा साचा केला. कुणी जबरदस्ती केली नाही. रणजित आजारी होते हे खरे, पण त्यांच्या आजारपणाचा आडोसा मी घेणार नाही. मला ते काम अवघड वाटले आणि जमले म्हणून आनंद झाला. सांधा इतका सुबक बसला की नखही आत जात नव्हते. भाऊजी म्हणाले, "क्या बात है वहिनी!" आणि मी हसले. त्या हसण्याबद्दल मी आजवर स्वतःला क्षमा केलेली नाही, इतरांनीही करू नये.

५. साच्याचे पुढे काय झाले ते सांगण्याआधी अमीनाबादचे सांगते, कारण एकातून दुसरे घडले.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी अमीनाबादला पडद्याचे कापड घ्यायला गेले होते. तिथे एका गल्लीच्या तोंडाशी मुख्तार मियाँ बसतात. ते टॉर्च, इस्त्री, पंखे, काहीही दुरुस्त करतात. एका गिऱ्हाइकाने त्यांच्यापुढे आमची रॅकेट ठेवली. त्यांनी ती एकदा उलटी केली आणि बाजूच्या ढिगात टाकून दिली. त्या ढिगात आमच्याच पन्नास-साठ होत्या. मी थांबले.

"उघडून तरी पाहा ना," मी म्हटले.

"यह वाली नहीं खुलती, बहनजी. चालीस साल से चीज़ें खोल रहा हूँ। जिसने यह बनाई है, उसने खोलने वाले के बारे में सोचा ही नहीं।"

ते चिडून बोलत नव्हते. म्हणून जास्त लागले. हा ढीग कुठे जातो असे विचारल्यावर ते म्हणाले, "बीकेटी की तरफ़. वहाँ औरतें तोड़ती हैं।"

बीकेटी म्हणजे बख्शी का तालाब. जिथे माझा संसार झाला तोच भाग. दुसऱ्या दिवशी मी गेले. डांबरी रस्ता सोडून आत एक पुरवा, म्हणजे छोटी वस्ती, आहे. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, सोबतच्या यादीत आहे. गव्हाच्या शेताला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये बारा बायका. दगडावर रॅकेट ठेवायची, हातोडा मारायचा. मूठ सहज फुटत नव्हती. माझा सांधा चांगला होता ना. सहा-सात घाव घातले की फुटे, आणि तिच्याबरोबर आतली बॅटरीही फुटे. आतले आम्ल हातावर, पायावर, मग नाल्यात. शिसे एका बाजूला, तारा दुसऱ्या बाजूला, आणि प्लास्टिक मागे जाळत होते. धूर शेतावरून वाहत होता.

दाराजवळ नीलम बसली होती. वय बत्तीस. तिचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. हातोडा ती डाव्या हाताने मारत होती. मी तिच्याशेजारी बसले. ती सांगत होती की हात आधी मुंग्या येऊन बधिर व्हायचा, मग पोटात कळा, आणि आता पोळी लाटता येत नाही. मी तिला म्हटले, ही रॅकेट मी बनवली आहे. तिला वाटले मी कारखान्यात कामाला आहे. मी म्हटले, नाही, याचे चित्र माझे आहे, असे जोडायचे हे मी ठरवले.

नीलमने माझ्याकडे नीट पाहिले. मग विचारले, "तो आपने इतना कसके क्यों बंद किया?"

चार स्क्रूंची किंमत वाचावी म्हणून, हे उत्तर त्या बाईच्या तोंडावर कोण देईल?

त्याच शेडमध्ये मी आमच्या कंपनीची पोती पाहिली. पोत्यांवर हिरवे पान छापलेले. 'जुनी द्या, नवी घ्या, निसर्ग वाचवा' ही योजना आमचीच. जुन्या रॅकेट दुकानांतून गोळा करून त्यांचे पुढे शास्त्रशुद्ध काहीतरी होते असे मला सांगितले गेले होते. त्या योजनेबद्दल भाऊजींना एका संस्थेने शाल आणि ढाल दिली तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. हिरवे पान अभिरामने निवडले होते.

६. घरी आल्यावर मी भाऊजींना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "वहिनी, भंगारवाला पुढे काय करतो ती आपली जबाबदारी नाही." लता चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "तुम्ही आता आराम करा ना. या वयात कशाला तिकडे जायचं?" तेव्हापासून वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे तिने नातेवाइकांना फोनवर सांगायला सुरुवात केली. लताशी माझे वैर नाही असे मी आधी लिहिले होते. ते वाक्य खोडले आहे. आहे वैर. माझी जांभळी नारायणपेठ तिला आवडते हे मला ठाऊक आहे. ती नीलमच्या मुलीला द्यावी.

मी सरकारी कचेरीत तक्रार केली. तपासणी होईपर्यंत शेड रिकामी झाली आणि चार मैलांवर एका बागेत सुरू झाली. आमच्याच माणसाने भंगारवाल्याला आधी कळवले होते. कोणत्या माणसाने ते मला माहीत आहे. शेवटच्या कलमापर्यंत धीर धरावा.

मग मी भाऊजींना लेखी कळवले की दुसरा साचा वापरण्याची परवानगी मी काढून घेत आहे; पहिला साचा, चार स्क्रूंचा, कंपनीने बिनभाड्याने वापरावा. ते म्हणाले, "पाच वर्षं टिकणारी रॅकेट विकून कंपनी चालते का, वहिनी?" करारातली नव्वद दिवसांची मुदत संपली. गेल्या दोन ऑक्टोबरला, सुट्टीच्या दिवशी, वकिलांना सोबत घेऊन आणि क्रेनची गाडी घेऊन मी कारखान्यात गेले, साचा उचलला आणि एका वर्कशॉपमध्ये गॅसने कापायला दिला. मी समोर खुर्ची टाकून बसले. अर्धा कापून झाला तेव्हा भाऊजी धावत आले.

"वहिनी, ऐंशी लोकांचं पोट आहे त्याच्यावर!"

"पहिला साचा लावा. ऐंशींना काम राहील, उलट स्क्रू बसवायला दोन माणसं जास्त लागतील."

"तुम्ही दादाचं नाव धुळीला मिळवलंत."

"तुमच्या दादांनी चार स्क्रूंची रॅकेट पाहिली होती. ती त्यांना आवडली होती."

ते कापणाऱ्या माणसाच्या हातातली नळी ओढायला गेले. वकिलांनी त्यांना धरले. मी उठले नाही. कारखान्यातली काही माणसे मला शिव्या देतात, त्यांत सात महिन्यांची गरोदर बायको असलेला एक मशिनवालाही आहे. त्यांच्या शिव्या मी घेते. त्या मला देण्याचा त्यांना हक्क आहे. भाऊजींच्या घेत नाही.

सबब, दुसरा साचा माझ्या मालमत्तेत नाही. त्याच्या पोलादाचे जे आले ते त्या बाराजणींच्या रक्ततपासणीला लागले आहे. भाऊजी नवीन साचा करतील हे मी जाणून आहे. म्हणून:

७. बिनस्क्रूच्या त्या रॅकेटच्या आकाराची आणि जोडणीची सरकारदरबारी नोंदणी माझ्या नावावर आहे. ती मी अनघाला देते. मुदत असेपर्यंत तिने ती कुणालाही, कितीही गोड बोलले तरी, वापरू देऊ नये. कुणी नक्कल केली तर दावा लावावा. त्यासाठी लागणारी तारखांची चिकाटी तिच्यात आहे.

८. पहिला साचा आणि त्याची मूळ रेखाचित्रे मुलींना साचेकाम शिकवणाऱ्या इथल्या तंत्रनिकेतनास द्यावीत. अट एकच. प्रत्येक वर्षीच्या मुलींना अमीनाबादला नेऊन मुख्तार मियाँसमोर एक तास बसवावे. वस्तू कशी बनवायची ते शिक्षक शिकवतील. ती कुणाच्या हातात मरते ते तिथे कळेल.

९. माझी हत्यारे, म्हणजे व्हर्नियर मोजपट्टी, कानशी आणि वडिलांची लाकडी पेटी, मुख्तार मियाँना. त्यांनी ती वापरावीत, जपून ठेवू नयेत.

१०. हर्षवर्धन भाऊजींना मी माळ्यावरच्या बत्तीस बंद पडलेल्या रॅकेट आणि एक हातोडा देते. नीलम एका दिवसात दोनशे फोडते. त्यांनी सवडीने फोडाव्यात. खाली वर्तमानपत्र अंथरले तर बरे, आम्ल फरशीवर पडते.

११. कंपनीतला माझा हिस्सा विकून येणारी रक्कम, बँकेतली ठेव आणि हे अलीगंजचे घर विकून येणारी रक्कम, या सर्वांचा एक न्यास करावा. त्यातून त्या पुरव्यातल्या बाराही बायकांचे आणि त्यांच्या मुलांचे औषधपाणी, आणि पुरव्यासाठी लांबून आणलेली नळाची लाइन व्हावी. नीलमला याशिवाय दरमहा घरखर्च मिळावा, तिचा हात सुधारला तरी आणि न सुधारला तरी. हे दान नाही. कुणी फलकावर माझे नाव लिहिले तर अनघाने ते खरवडून काढावे.

नीलमला हे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "दीदी, पैसे ठीक हैं। लेकिन वो लोग नई औरतें ले आए हैं।" ते खरे आहे. नव्या बागेत नव्या बायका बसल्या आहेत. त्यांची नावे मिळतील तशी अनघाने न्यासात घालावीत. हे काम माझ्या हयातीत संपलेले नाही आणि या कागदाने संपणार नाही, हे मला कळते.

१२. माझा मुलगा अभिराम यास मी काहीही देत नाही. आईने एकुलत्या मुलाला का डावलले असे न्यायाधीश विचारतील, म्हणून कारण लिहिते. ते लिहायला मला तीन दिवस लागले.

शेड पाहून आल्यावर मला वाटले होते की अभिरामला काही माहीत नसणार. तो ऑफिसात बसतो, पाने आणि फुले छापतो. काकाने त्याला फसवले असेल. मी त्याला म्हटले, एकदा माझ्याबरोबर चल, डोळ्यांनी बघ. तो म्हणाला, "आई, यार, मीटिंग है." मी हट्ट धरला. तो आला.

शेडपाशी पोचलो तर तो गाडीतून उतरला नाही. काचा वर, एसी चालू. मी आत जाऊन नीलमला सांगितले की माझा मुलगा आला आहे. तिला किती आनंद झाला! तिने हातपंपाचे पाणी काढले, स्टीलच्या पेल्यात भरले, डाव्या हाताने पेला धरला, उजवा लोंबता हात खाली आधाराला लावला आणि गाडीपर्यंत आली. म्हणाली, "भैया, पानी पी लीजिए, धूप में आए हैं।"

अभिरामने काच दोन बोटे खाली केली आणि म्हणाला, "नहीं, नहीं, रहने दो." मी नीलमच्या मागोमाग आले होते. मी पेल्याकडे हात केला. तेव्हा तो एकदम ओरडला, "आई! यहाँ का पानी मत पीना!"

त्या दिवसापर्यंत त्या पाण्याची तपासणी कुणीही केलेली नव्हती. अनघाने नमुना नेला तो पुढच्या आठवड्यात. त्यात शिसे आहे असा अहवाल आला तो तीन आठवड्यांनी. पुढे तपासणीची खबर भंगारवाल्याला गेली, तेव्हा ती कुणी दिली हे मला याच दिवसावरून कळले. मी त्याला विचारले, "तुला कसं माहीत?" त्याने मागे हात घालून मागचे दार उघडले. मग हळू म्हणाला, "आई, बैठो ना गाड़ी में. घर चलते हैं।"

नीलम तिथेच उभी होती. तिला सगळे ऐकू आले होते. ती पेल्याकडे बघत होती, मग शेडमागच्या त्या हातपंपाकडे. तिथे तिची मुलगी बाटली भरत होती.

मी तिच्या हातातून पेला घेतला आणि माझ्या मुलाच्या डोळ्यांदेखत सगळे पाणी प्यायले.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि त्यातले एकही वाक्य मला मागे घ्यायचे नाही. खालील दोघांच्या समक्ष मी सही केली आणि माझ्या समक्ष त्यांनी. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

सही: शुभदा रणजित इंगवले

साक्षीदार १: उल्हास वामन केतकर, निवृत्त बँक अधिकारी, राहणार अलीगंज, लखनौ

साक्षीदार २: डॉ. सय्यद काज़िम रिज़वी, राहणार अलीगंज, लखनौ (मराठी येत नाही, सही करताना लिहिणारी पूर्ण शुद्धीवर होती, एवढ्यापुरती साक्ष)

स्थळ: लखनौ
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार